संगणकाची सकाळची हजेरी

जोडलेल्या उपकरणांमुळे संगणक सुरू व्हायला वेळ का लागतो?



शेतकऱ्याचा आणि संगणकाचा संबंध काय, असे आता कोणी विचारत नाही. उसाची नोंद संगणकात, तोडणीची तारीख संगणकात, काट्यावरचे वजन संगणकात आणि बिल जमा झाले की नाही तेही संगणकच सांगतो. गावच्या डेअरीत फॅट मशीनची आणि तराजूची वायर संगणकाला जोडलेली असते. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्याकडे ज्यांना विकास सोसायट्या म्हणतात त्यांच्या, संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हा सोसायटीचे पीककर्जही आता त्याच पेटीत शिरले आहे.

म्हणूनच "आज मशीन लवकर लागंना" ही नुसती ऑफिसातल्या क्लार्कची तक्रार राहिलेली नाही. डेअरीत पहाटे किटल्या घेऊन माणसे उभी असतात, काट्यापुढे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या खोळंबलेल्या असतात. तोडलेला ऊस उन्हात जितका पडून राहतो तितके त्याचे वजन घटते आणि साखरही घटते. पेटी जागी व्हायला पाच मिनिटे लागली की त्या पाच मिनिटांचा हिशेब शेवटी सभासदाकडेच येतो.

अशा वेळी साधारणपणे एकच निदान होते: "मशीन म्हातारं झालं, नवं घ्या." मीटिंगमध्ये विषय येतो, कोटेशने मागवली जातात, नवा संगणक येतो. मग त्याच जुन्या वायरा, तोच जुना हब आणि तोच प्रिंटर त्याला जोडला जातो आणि पंधरा दिवसांत तक्रार पुन्हा तीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होय. पैसा संस्थेचा, म्हणजे सभासदांचा, जातो आणि दुखणे जागच्या जागी राहते. हे टाळायचे तर दुखणे कुठे आहे ते आधी ओळखले पाहिजे. त्याला इंजिनिअर लागत नाही. एक घड्याळ आणि एक वही पुरते.

बटण दाबल्यावर आत काय चालते?

विहिरीवरचा पंप कोरडा पडला असेल तर नुसती मोटर चालू करून पाणी चढत नाही. आधी पंपात पाणी भरावे लागते, मग तो विहिरीतले पाणी ओढतो. संगणकाचेही असेच आहे. विंडोज आणि आपला हिशेबाचा प्रोग्रॅम डिस्कवर असतात. पण डिस्कवरून ते उचलून आणायला आधी कोणीतरी जागे असावे लागते. ते काम मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमचा भरून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम करतो. त्याला बायॉस म्हणतात. हे नाव अमेरिकेतील गॅरी किल्डॉल यांनी १९७५ च्या सुमारास आपल्या सीपी/एम या प्रणालीतील एका भागाला दिले. पुढे १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला आणि बायॉस हा शब्द सर्वतोमुखी झाला. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआय नावाच्या सुधारित प्रोग्रॅमने घेतली आहे. पण बोलताना लोक त्यालाही बायॉसच म्हणतात.

संगणक सुरू होण्याचे तीन टप्पे ध्यानात ठेवावेत. बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंतचा पहिला टप्पा बायॉसचा. चिन्ह दिसल्यापासून पासवर्ड मागेपर्यंतचा दुसरा टप्पा विंडोजचा. यात प्रत्येक उपकरणाचा चालक प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो चढवला जातो. पासवर्ड दिल्यापासून प्रत्यक्ष काम करता येईपर्यंतचा तिसरा टप्पा. या वेळी मागच्या मागे आणखी कितीतरी छोटे प्रोग्रॅम सुरू होत असतात. वेळ या तिन्हींपैकी कुठे जातो, यावरून दुखणे निम्मे कळते.

पहिल्या दोन टप्प्यांत संगणक जोडलेल्या उपकरणांची हजेरी घेतो. मुकादम सकाळी टोळीची हजेरी घेतो तशीच ही हजेरी असते. ज्याने "हजर" म्हटले त्याच्यापाशी मुकादम थांबत नाही. जो गावाला गेला आहे, त्याच्यापाशीही थांबत नाही. गैरहजेरी मांडून पुढे सरकतो. खरी खोटी होते ती तिसऱ्याच माणसामुळे. तो कोपीत आहे, हाक ऐकतो, हुंकारही देतो, पण उठून धड बाहेर येत नाही. मुकादम पुन्हा हाक मारतो, पुन्हा वाट पाहतो आणि तोपर्यंत टोळी ताटकळते.

संगणकाच्या बाबतीतही नेमके हेच आहे. चांगले चालणारे उपकरण फार वेळ खात नाही. काढून ठेवलेले तर मुळीच खात नाही. अर्धवट बिघडलेले, सैल वायरीचे किंवा पुरेशी वीज न मिळालेले उपकरण मात्र सगळ्यांना थांबवते.

हजेरीला वेळ किती लागावा?

आज बहुतेक उपकरणे यूएसबी वायरीने जोडतात. ही पद्धत प्रथम जानेवारी १९९६ मध्ये आली. तिच्या घडणीत इंटेल कंपनीतील ज्यांचा मोठा वाटा होता ते अजय भट्ट आपल्या देशातले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्यापूर्वी प्रिंटरला एक प्रकारचे भोक, माऊसला दुसरे, कीबोर्डला तिसरे अशी तऱ्हा होती. यूएसबीने हे सगळे एका दावणीला बांधले. नियमाप्रमाणे अशा एका दावणीला १२७ उपकरणे बांधता येतात.

उपकरण जोडलेले दिसले की संगणक आधी निदान १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, थांबतो. वायर नीट बसली याची खात्री करतो. मग उपकरणाला क्षणभर 'रीसेट' करतो, त्याला एक नंबर देतो आणि विचारतो: तू कोण, कोणत्या कंपनीचा, तुला वीज किती लागते? उपकरण उत्तर देते आणि त्याचा ड्रायव्हर लावला जातो. निरोगी उपकरणाची ही हजेरी सेकंदाच्या आतबाहेर उरकते. म्हणजे कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, अंगठ्याचे मशीन अशी चार चांगली उपकरणे जोडली म्हणून सकाळ वाया जायचे काही कारण नाही.

उत्तर आले नाही किंवा तुटक आले, तर मात्र संगणक लगेच सोडून देत नाही. काही सेकंद वाट पाहतो, पुन्हा रीसेट करतो, पुन्हा विचारतो. असे दोन-तीन वेळा झाले की बघता बघता अर्धा मिनिट जातो. शेवटी "यूएसबी उपकरण ओळखता आले नाही" असा संदेश कोपऱ्यात झळकतो. तो संदेश आपण 'रोजचंच आहे' म्हणून बंद करतो. वास्तविक दुखण्याचे नाव-गाव त्यातच सांगितलेले असते.

उत्तर तुटक येण्याचे एक मोठे कारण म्हणजे वीज. यूएसबी-२ च्या एका भोकातून ५०० मिलिअँपियर वीज मिळते. त्यावर आपण स्वस्तातला चार तोंडांचा हब लावतो. हबला स्वतःची वीज नसेल, तर नियमाप्रमाणे त्याच्या प्रत्येक तोंडाला जेमतेम १०० मिलिअँपियर येते. माऊसला ते पुरते. पण खिशातल्या हार्ड डिस्कला किंवा अंगठ्याच्या मशीनला ते कमी पडू शकते. पाटाच्या शेपटाला पाणी पोचत नाही, तशी ही गत. अशी उपकरणे थेट संगणकाच्या भोकात लावावीत किंवा स्वतंत्र अडॅप्टर असलेला हब घ्यावा. यूएसबी वायरीची लांबीही पाच मीटरपेक्षा जास्त असू नये. टेबल खिडकीपाशी आणि संगणक कपाटापाशी म्हणून वायरीला वायर जोडत नेणे हे दुखणे विकत घेणेच होय.

विसरलेला पेन ड्राइव्ह

हजेरी संपली की बायॉस विंडोज शोधायला निघतो. कुठे आधी पाहायचे आणि कुठे नंतर, याची एक यादी त्याच्यापाशी असते. काही संगणकांत या यादीत पेन ड्राइव्ह, सीडी आणि नेटवर्क ही नावे डिस्कच्याही वर लिहिलेली असतात.

फ्लॉपीच्या काळात काम केलेल्यांना आठवत असेल. संध्याकाळी फ्लॉपी आत विसरली की सकाळी काळ्या पडद्यावर "नॉन-सिस्टिम डिस्क" असा संदेश यायचा आणि फ्लॉपी काढेपर्यंत गाडी पुढे जायची नाही. फ्लॉपी गेली, तिच्या जागी पेन ड्राइव्ह आला, सवय तीच राहिली. रात्री बॅकअप घेतलेला पेन ड्राइव्ह तसाच टोचून ठेवला की सकाळी बायॉस आधी त्यात विंडोज शोधतो. तिथे मिळत नाही, मग पुढे जातो किंवा तिथेच अडून बसतो. बाहेरची हार्ड डिस्क असेल तर तिची थाळी फिरून वेग घेईपर्यंत आणखी काही सेकंद जातात. मोबाइलची कार्डे वाचणाऱ्या कार्ड रीडरला चार खाचा असतात. कित्येक संगणक त्या रिकाम्या खाचाही चार वेगळ्या डिस्का समजून एकेक तपासत बसतात.

नेटवर्कचे तर आणखी नवल आहे. यादीत नेटवर्क वर असेल, तर संगणक वायरीवरून हाक मारतो, "मला कोणी विंडोज देता का?" उत्तर आले नाही तर नियमाप्रमाणे तो आधी ४ सेकंद थांबतो, मग ८, मग १६, मग ३२. बेरीज ६० सेकंद. म्हणजे पुरते एक मिनिट, तेही रोज, आणि ज्या सर्व्हरची वाट पाहायची तो आपल्याकडे मुळातच नाही! गंमत अशी, की नेटवर्कची वायर काढली तर वायर नाही हे त्याला लगेच कळते आणि तो मुकाट पुढे जातो.

यावर इलाज फुकट आहे. बायॉसच्या यादीत संगणकाची आतली डिस्क पहिल्या नंबरला ठेवावी आणि नेटवर्क बंद करावे. हे काम माहितगाराकडून एकदा करून घेतले की झाले.

वजनकाट्यावरचे 'भूत'

आता काट्यावरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती जाणत्या माणसालाही चकवते. काट्याच्या फळीखाली लोड सेल असतात. त्यांच्याकडून आलेले वजन इंडिकेटर नावाच्या डब्यावर दिसते. तिथून नऊ पिनांच्या सीरियल वायरीने किंवा सीरियलचे यूएसबी करणाऱ्या कन्व्हर्टरने ते संगणकात जाते. पुष्कळ इंडिकेटर वजनाचा आकडा कोणी विचारो न विचारो, सेकंदाला अनेक वेळा एकसारखा पाठवत राहतात.

सकाळी संगणक सुरू होताना विंडोज सीरियल भोकात डोकावून पाहतो, की इथे जुन्या पद्धतीचा माऊस तर जोडलेला नाही? असा माऊस सुरुवातीला एक ठरावीक अक्षर पाठवून आपली ओळख देत असे. त्याच वेळी इंडिकेटरचे आकडे धो-धो येत असतात. त्या गर्दीत विंडोजचा कधी कधी गैरसमज होतो आणि तो इंडिकेटरलाच माऊस समजून बसतो. मग वजनाचा प्रत्येक आकडा म्हणजे माऊसची हालचाल! पडद्यावरचा बाण वाऱ्यावर सोडल्यासारखा पळतो, खिडक्या आपोआप उघडतात, मिटतात. भोक 'माऊस'ने अडवल्यामुळे वजनाच्या प्रोग्रॅमला ते मिळत नाही. काट्यावरचा गडी म्हणतो, "साहेब, मशीनला भूत लागलंय", साहेब म्हणतात, "व्हायरस शिरला." पाच वेळा बंद-चालू केल्यावर एखाद्या वेळी ते बरोबर लागते, तेव्हा कोणाच्या तरी हाताला गुण आहे असे ठरते.

यात भूतही नाही आणि व्हायरसही नाही. तात्पुरता उपाय म्हणजे संगणक पूर्ण सुरू होईपर्यंत इंडिकेटर बंद ठेवावा आणि मग चालू करावा. कायमचा उपाय म्हणजे विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट' असे नाव दिसले तर ते 'डिसेबल' करावे. काढून टाकू नये. काढले तर पुढच्या वेळी विंडोज पुन्हा तोच गैरसमज करून घेतो. विचारल्यावरच वजन पाठवण्याची सोय काही इंडिकेटरमध्ये असते. पण आपला प्रोग्रॅम तशा पद्धतीने विचारतो का, हे आधी पाहावे लागते. आणि इंडिकेटरच्या आत हात घालायचे काम कोणी हौसेने करू नये. त्यावर वैधमापन खात्याचे सील असते. ते तुटले तर प्रश्न संगणकाच्या वेळेचा राहत नाही, सभासदाच्या विश्वासाचा होतो.

पडद्यामागचे नोकर

पासवर्ड दिला, पडदा दिसला, तरी संगणक दोन-तीन मिनिटे जड चालतो, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. हा तिसरा टप्पा. इथे उपकरण स्वतः दोषी नसते. त्याच्याबरोबर आलेले प्रोग्रॅम दोषी असतात. प्रिंटरच्या सीडीतून शाई किती उरली ते पाहणारा एक, कंपनीची नवी आवृत्ती शोधणारा दुसरा, स्कॅनरचे बटण कोणी दाबले का म्हणून जागणारा तिसरा, मोबाइल जोडला तर फोटो उतरवून घेणारा चौथा. प्रिंटर तीन वर्षांपूर्वी मोडीत गेला तरी त्याचे नोकर रोज सकाळी पगारावर हजर!

विंडोज ८ (२०१२) पासून हे पाहायची सोय सोपी झाली आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप' या भागात सकाळी आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्यांची यादी असते आणि कोणाचा भार किती तेही लिहिलेले असते. नको ते 'डिसेबल' करावे. प्रिंटरचे छापण्याचे काम त्यामुळे थांबत नाही. व्हायरस रोखणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र हात लावू नये आणि जे नाव ओळखीचे नाही ते विचारल्याशिवाय बंद करू नये.

दुसऱ्या खोलीतल्या संगणकाची डिस्क आपल्या संगणकात 'नेटवर्क ड्राइव्ह' म्हणून जोडलेली असेल आणि तो संगणक अजून सुरूच झाला नसेल, तरीही विंडोज त्याची वाट पाहतो. अशा ठिकाणी मुख्य संगणक आधी आणि बाकीचे नंतर सुरू करावेत. हंगामात आधी बॉयलर आणि मग मिल, हा क्रम आपल्याला नवा नाही.

घड्याळ लावून पहा

आता प्रत्यक्ष तपासणी. ही कामाच्या गर्दीत करू नये. दुपारी निवांत करावी.

१. सगळी उपकरणे नेहमीसारखी जोडलेली असताना संगणक 'रीस्टार्ट' करून वेळ मोजावा. विंडोज ८ पासून पुष्कळ संगणकांत 'शट डाऊन' केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो; त्यामुळे पूर्ण नवी सुरुवात फक्त 'रीस्टार्ट'ने होते. तिन्ही टप्प्यांचा वेळ वहीत वेगवेगळा लिहावा. असे तीन वेळा करावे.

२. संगणक बंद करावा. कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर सोडून बाकी सगळ्या वायरा काढाव्यात. सीरियल आणि जुन्या समांतर भोकाच्या वायरा संगणक चालू असताना कधीही ओढू नयेत. कीबोर्ड मात्र काढू नये. तो सापडला नाही तर काही संगणक "कीबोर्ड नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा" असे सांगून बसून राहतात. कीबोर्डच नाही तर दाबायचे काय, हे तो सांगत नाही!

३. पुन्हा वेळ मोजावा. फरक मोठा पडला, तर चोर काढलेल्या वायरांत आहे.

४. मग एकेक उपकरण जोडत जावे आणि दर वेळी मोजावे. ज्या उपकरणापाशी वेळ उडी मारतो, ते बाजूला काढावे. त्याची वायर बदलून पाहावी, भोक बदलून पाहावे, हब टाळून पाहावे. त्यानेही भागले नाही तर त्याचा ड्रायव्हर नवा घालावा. उपकरण बदलण्याची वेळ यानंतरच.

उपकरणे निर्दोष ठरली तर?

तसेही होऊ शकते, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सगळ्या वायरा काढूनही वेळ तेवढाच लागत असेल, तर उपकरणांना बोल लावण्यात अर्थ नाही. तेव्हा बहुतेक वेळा दोष आतल्या फिरत्या हार्ड डिस्ककडे जातो. तिची थाळी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारा काटा शेकडो फायलींसाठी इकडून तिकडे धावतो. त्याऐवजी न फिरणारी एसएसडी डिस्क बसवली तर तोच जुना संगणक अनेकदा मिनिटांचे काम सेकंदांत करू लागतो. नव्या संगणकापेक्षा हा खर्च पुष्कळच कमी असतो. डिस्क बदलण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. संगणक उशीर लावतो म्हणून चिडून बटण दाबून धरायचे आणि तो मध्येच मारायचा. वीज जाऊन आलेली असेल तर संगणक आपली डिस्क तपासत असतो. त्या वेळी तो बंद केला तर नोंदी खराब होऊ शकतात. दहा दिवसांचे दूध-बिल पुन्हा हाताने लिहिण्यापेक्षा दहा मिनिटे थांबलेले बरे. तसेच लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. तो तापताना एकदम मोठी वीज ओढतो, यूपीएस दम तोडतो आणि त्याच्याबरोबर संगणकही पडतो.

सोसायटीच्या सचिवांनी, डेअरीच्या चालकांनी आणि काट्यावरच्या मंडळींनी ही वही एकदा भरून पाहावी. ऊस-तोडणीची पाळी, पाण्याची पाळी, दुधाची फॅट हे सगळे आपण मोजूनच मानतो; मग संगणकाचा उशीरच तेवढा अंदाजाने का मानावा? नवा संगणक घेण्याचा विषय मीटिंगपुढे येईल तेव्हा ही वही टेबलावर असावी. कदाचित असे दिसेल, की दुखणे एवढ्याशा हबमध्ये किंवा विसरलेल्या पेन ड्राइव्हमध्ये होते. आणि नवा संगणक खरोखरच घ्यावा लागला, तरी तो का घेतला हे सभासदांना छातीठोकपणे सांगता येईल.